खोटी कंपनी, खरी मंडळी : चित्रपटाचा धंदा मांडणाऱ्या काही अमेरिकन सुखात्मिका

मराठीत 'कंपनी' या शब्दाच्या जागी एकेकाळी 'मंडळी' हा शब्द सर्रास वापरला जात असे. अण्णासाहेब किर्लोस्करांची 'किर्लोस्कर नाटक मंडळी' १८८० साली उभी राहिली, तेव्हा त्या नावात व्यवसाय करणारी संस्था आणि एका पंगतीला बसणारी माणसे असे दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते. पुढे 'कंपनी' रूढ झाली आणि 'मंडळी' केवळ माणसांपुरती उरली. कंपनी म्हटले की भांडवल, हिशेब, करार आणि हिस्सेदारी डोळ्यांपुढे येते. मंडळी म्हटले की रुसवेफुगवे, भूक, उधारी आणि जिव्हाळा. या दोन अर्थांमध्ये जे अंतर पडले, त्या अंतरावरच अमेरिकन चित्रपटातील सुखात्मिकेची एक लहानशी परंतु चिवट परंपरा उभी आहे. कुठेच न सामावलेली चार माणसे एकत्र येतात, नसलेल्या पैशांवर मोठ्या नावाची कंपनी काढतात आणि थापा मारत एखादी कलाकृती बाजारात आणू पाहतात, असा या परंपरेचा साचा आहे.

प्रस्तुत विवेचनासाठी या परंपरेतील चार चित्रपट घेतले आहेत : मेल ब्रुक्सचा 'द प्रोड्यूसर्स' (१९६७), टिम बर्टनचा 'एड वुड' (१९९४), फ्रँक ऑझचा 'बोफिंगर' (१९९९) आणि क्रेग ब्रुअरचा 'डोलेमाइट इज माय नेम' (२०१९). यांपैकी पहिला नाटकाच्या धंद्याविषयी आहे, उरलेले तीन चित्रपटाच्या. चारही चित्रपटांवर भरपूर लिहिले गेले आहे. मात्र त्यातील बरेचसे लेखन या मंडळींच्या जिद्दीचे कौतुक करून थांबते. लबाडी करणाऱ्यांच्या बाजूने प्रेक्षक का उभा राहतो, हा प्रश्न त्यात अधूनमधून येतो. त्या लबाडीची किंमत शेवटी कोण मोजतो, हा दुसरा प्रश्न सहसा येत नाही. या प्रकारच्या सुखात्मिकेचा कस मात्र दुसऱ्याच प्रश्नावर लागतो. आणि तो लागतो कलाकृती तयार होताना नव्हे, तर ती तयार झाल्यावर, म्हणजे वितरणाच्या टप्प्यावर.

१

आंरी बर्गसाँ याने 'हास्य' या १९०० सालच्या ग्रंथात हसण्याकडे समाजाने केलेली एक सौम्य शिक्षा म्हणून पाहिले. जो माणूस परिस्थितीप्रमाणे वाकत नाही, यंत्रासारखा ठरावीक पद्धतीने वागत राहतो, त्याला समाज हसतो व हसून ताळ्यावर आणतो. हे सूत्र या चित्रपटांना लावू गेल्यास ते अर्ध्यावर सुटते. यांतील माणसे ताठर आहेत, हास्यास्पद आहेत, एकाच वेडाने झपाटलेली आहेत. परंतु त्यांना ताळ्यावर आणावे असे प्रेक्षकाला वाटत नाही. त्यांचे वेड सुटले तर चित्रपटच संपेल. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्याचे विभाव सांगताना विकृत वेष, धार्ष्ट्य, लौल्य आणि असत्प्रलाप यांचा उल्लेख केला आहे. ही यादी अधिक उपयोगी पडते, कारण तीत सुधारणेची अट नाही. धार्ष्ट्य आणि लौल्य, म्हणजे निगरगट्टपणा आणि हाव, हे दोष असूनही ते रंगभूमीवर आस्वाद्य होतात, एवढेच ती सांगते. प्रहसनात धूर्त, विट आणि पाखंडी यांना मानाचे पान मिळते ते याच न्यायाने.

'द प्रोड्यूसर्स'मधील मॅक्स बियालिस्टॉक हा या चारही विभावांचा पुतळा आहे. न्यूयॉर्कमधील हा पडत्या काळातला नाट्यनिर्माता एकाकी वृद्ध स्त्रियांना लाडीगोडी लावून त्यांच्याकडून भांडवल गोळा करतो. लिओ ब्लूम हा भित्रा हिशेबनीस त्याची वही तपासताना सहज एक निरीक्षण नोंदवतो : गरजेपेक्षा जास्त भांडवल जमवावे आणि नाटक पहिल्याच रात्री पडावे, तर निर्मात्याला यशापेक्षा अपयशातून अधिक मिळेल, कारण पडलेल्या नाटकाच्या नफ्यातला वाटा कोणी मागत नाही. येथून कथानक सुरू होते. दोघे एकाच नाटकाचे एकूण पंचवीस हजार टक्के हिस्से विकतात आणि जगातले सर्वांत वाईट नाटक शोधू लागतात. हिटलरवर भक्ती असलेल्या फ्रान्झ लीबकिंड नावाच्या माणसाचे नाटक त्यांना सापडते. अत्यंत अयोग्य दिग्दर्शक आणि त्याहून अयोग्य नट निवडून ते पडेल अशी चोख व्यवस्था होते. आणि प्रेक्षक त्याला उपहासनाट्य समजून डोक्यावर घेतात.

या कथानकाची गंमत अशी की त्यातील सर्व विनोद हिशेबाच्या वहीतून निघतो. शंभर टक्क्यांहून अधिक काही विकता येत नाही, हे गणित शाळेतल्या मुलालाही कळते. परंतु कलेच्या धंद्यात हे गणित नाटक यशस्वी होईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. अपयश हे या धंद्याचे सर्वसाधारण वास्तव असल्यामुळेच ही लबाडी शक्य होते. ब्रुक्सने ही गोष्ट केवळ प्रहसनाच्या सोयीसाठी रचली असे मानण्याचे कारण नाही; तिच्यामागे व्यवसायाचे बारीक निरीक्षण आहे.

आता किंमत कोण मोजतो ते पाहावे. हिस्से विकत घेतात त्या म्हाताऱ्या बायका. चित्रपट त्यांच्याकडे एकेक व्यक्ती म्हणून पाहत नाही. हौसेने धनादेश फाडणारा एक घोळका एवढेच त्यांचे स्थान आहे. शेवटच्या न्यायालयीन दृश्यात ब्लूम आपल्या मित्राची बाजू हळवेपणाने मांडतो व त्या बायकांनाही बियालिस्टॉकमुळे चार सुखाचे क्षण लाभले असे सुचवतो. प्रेक्षकाला ते पटते, कारण झीरो मॉस्टेल आणि जीन वाइल्डर यांच्या अभिनयाने तोवर मैत्रीची बाजू जड केलेली असते. दोघे तुरुंगात जातात, आणि तेथेही नव्या नाटकाचे हिस्से प्रमाणाबाहेर विकू लागतात. बर्गसाँच्या शिक्षेचा येथे काही उपयोग झालेला नाही. ब्रुक्सला तो व्हायला नकोच होता, आणि 'द प्रोड्यूसर्स'चे खरे धैर्य यातच आहे. मात्र त्या बायकांचे पैसे परत मिळाले की नाही, हे चित्रपट सांगत नाही आणि प्रेक्षक विचारत नाही.

या चित्रपटाच्या वितरणाची हकीकत त्याच्या कथानकाला शोभावी अशी आहे. त्याचे मूळ शीर्षक आतील नाटकाचेच, म्हणजे 'स्प्रिंगटाइम फॉर हिटलर' असे होते; हिटलरचे नाव चित्रपटगृहांच्या फलकावर चालणार नाही म्हणून ते बदलावे लागले. चित्रपट एम्बसी पिक्चर्सच्या जोसेफ लिव्हाइन याच्याकडे होता. लिव्हाइन हा मूळचा वितरक. इटलीत तयार झालेला 'हर्क्युलिस' विकत घेऊन, खरेदीच्या किमतीच्या कितीतरी पट पैसा जाहिरातीवर ओतून, त्याने १९५९ साली तो अमेरिकेत एकाच वेळी शेकडो चित्रपटगृहांत लावला होता. अशा बाजारबुणग्या चातुर्याच्या माणसालाही ब्रुक्सच्या चित्रपटाचे काय करावे ते उमगेना. पीटर सेलर्स या नटाने तो खाजगीरीत्या पाहिला आणि 'व्हरायटी' या व्यवसायपत्रात पानभर जाहिरात देऊन त्याची स्तुती केली. त्यानंतर त्याला वाट मिळाली. पुढे मूळ पटकथेसाठीचे ऑस्कर ब्रुक्सला मिळाले.

२

चित्रपट तयार होणे आणि चित्रपट दिसणे यांत जे घडते त्याला वितरण म्हणतात. साहित्याच्या अभ्यासकांनी या गोष्टीकडे फारसे लक्ष दिलेले नाही. ग्रंथाच्या बाबतीत प्रकाशक आणि विक्रेता यांचा विचार आपण अलीकडे करू लागलो आहोत. चित्रपटाच्या बाबतीत तो केल्याशिवाय या सुखात्मिका नीट वाचताच येत नाहीत, म्हणून थोडे विषयांतर आवश्यक आहे.

तिकिटाचा पैसा प्रथम चित्रपटगृहाच्या मालकाच्या गल्ल्यात पडतो. तो आपला वाटा ठेवून उरलेला वितरकाकडे देतो. वितरक आपली दलाली कापतो, प्रतींचा व जाहिरातीचा खर्च कापतो, आणि काही उरले तर ते निर्मात्याला मिळते. ज्याने चित्रपट केला त्याच्यापर्यंत पैसा सर्वांत शेवटी पोहोचतो, आणि वाटेतल्या प्रत्येक ठिकाणी खरा आकडा सांगणारा माणूस तोच आकडा लपवण्यात ज्याचा फायदा आहे असा असतो. बड्या स्टुडिओंना ही अडचण नव्हती, कारण चित्रपटगृहेही त्यांचीच होती. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्यात स्टुडिओंच्या विरुद्ध निकाल दिला, आणि चित्रपटगृहांवरची त्यांची मालकी त्यांना क्रमाने सोडावी लागली. त्यातून जी फट निर्माण झाली तीत स्वतंत्र वितरक शिरले. त्यांतले काही रसिक होते, काही चलाख होते, काही निव्वळ भामटे होते. आणि पुष्कळदा हे तिन्ही गुण एकाच माणसात आढळत.

या लोकांच्या कामाच्या दोन पद्धती येथे लक्षात घ्याव्यात. पहिली राज्यवार हक्कविक्रीची. निर्माता एकेका प्रदेशाचे हक्क तेथल्या स्थानिक वितरकाला उक्ते विकून मोकळा होई. पुढे तेथे चित्रपट किती चालला याचा हिशेब विचारण्याची सोय राहत नसे. दुसरी पद्धत 'चार भिंती' भाड्याने घेण्याची. ठरलेली रक्कम भरून चित्रपटगृह घ्यायचे, तिकिटे आपणच विकायची, गल्ला सगळा आपला आणि बुडीतही आपलेच. आपल्याकडील एकपडदा चित्रपटगृहांत साप्ताहिक भाडे भरून चित्रपट लावण्याची जी रीत होती, तिच्याशी ही पद्धत ताडून पाहता येईल.

'एड वुड'मधील एक छोटे दृश्य पहिल्या पद्धतीवर उभे आहे. एड वुड हा हॉलिवूडमधील होतकरू दिग्दर्शक जॉर्ज वाइस नावाच्या निर्मात्याकडे काम मागायला जातो. चित्रपटाची संहिता तयार नसते, परंतु भित्तिपत्रक तयार असते, आणि अलाबामा व ओक्लाहोमा ही दोन राज्ये विकलीही गेलेली असतात. चित्रपट नाही, पण तो विकला गेला आहे. आता तो कोणीतरी काढलाच पाहिजे, कारण दोन राज्ये वाट पाहत आहेत. कलाकृती आधी आणि बाजार नंतर या आपल्या समजुतीला हे दृश्य दोन मिनिटांत उलटे करते, आणि त्यासाठी ते कोणतेही भाष्य करीत नाही.

एरवी 'एड वुड' हा चारही चित्रपटांत सर्वांत दयाळू आहे आणि म्हणूनच प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत कमी उपयोगी. एका बाप्टिस्ट चर्चकडून पैसे मिळावेत म्हणून सगळी मंडळी बाप्तिस्मा घेते, हा प्रसंग सर्वांच्या लक्षात राहतो. त्या पैशांतून 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' तयार झाला. १९५६ साली वारलेल्या बेला लुगोसीच्या हातात असलेल्या थोड्या चित्रीकरणाभोवती तो रचला गेला, आणि उरलेल्या दृश्यांत दुसराच माणूस चेहऱ्यावर अंगरखा ओढून वावरला. चर्चच्या पैशांचे काय झाले याची बर्टनला फिकीर नाही. म्हातारा, व्यसनी, विसरला गेलेला लुगोसी आणि त्याच्यावर जीव टाकणारा एड यांच्यातच त्याचे मन गुंतले आहे. येथे कंपनी जवळजवळ नाहीशी होते आणि मंडळी तेवढी उरते. मार्टिन लँडाऊचा लुगोसी त्यामुळेच अविस्मरणीय झाला आहे, यात शंका नाही.

३

'बोफिंगर'ची पटकथा स्टीव्ह मार्टिनची. बॉबी बोफिंगर लहानपणापासून आठवड्याला एक डॉलर बाजूला टाकत आला आहे. त्याच्यापाशी २,१८४ डॉलर जमले आहेत, आणि कोणताही चित्रपट वस्तुतः एवढ्यातच होतो अशी त्याची श्रद्धा आहे. त्याच्या हिशेबनिसाने परग्रहवासी पावसाच्या थेंबांतून पृथ्वीवर उतरतात अशी एक पटकथा लिहिली आहे. स्टुडिओचा अधिकारी म्हणतो, किट रॅम्सी हा तारा मिळाला तर विचार करू. रॅम्सी नकार देतो. मग बोफिंगर त्याला न सांगता चित्रपट काढायचे ठरवतो : रस्त्याने चाललेल्या रॅम्सीसमोर नट जाऊन संवाद म्हणतील, आणि लपवलेला कॅमेरा त्याची खरीखुरी भीती टिपेल. कॅमेऱ्यामागची माणसे सरहद्द ओलांडून आलेले मेक्सिकन मजूर आहेत, आणि साहित्य स्टुडिओतून रातोरात उचललेले.

विनोदाची रचना म्हणून ही कल्पना अव्वल आहे. अभिनय आणि खरी भावना यांतला फरक ती पुसून टाकते, आणि जगातला सर्वांत महागडा नट न कळत फुकटात उत्तम काम करून जातो. परंतु रॅम्सी हा मनाने दुबळा झालेला माणूस आहे. परग्रहवासी आपला पाठलाग करतात असा भ्रम त्याला आधीपासूनच आहे आणि त्यावर तो एका संप्रदायाकडून उपचार घेत आहे. बोफिंगरच्या मंडळींमुळे तो भ्रम खरा ठरत जातो. ज्याच्यावर हसायचे तो गर्विष्ठ, धनाढ्य आणि बेताल तारा आहे, म्हणून प्रेक्षकाला दोषी वाटत नाही. चित्रपटाने ही तजवीज अगदी जाणीवपूर्वक केली आहे. तरीही भीतीने थिजलेला एडी मर्फीचा चेहरा पाहताना हसू क्षणभर अडखळते, आणि तो अडखळण्याचा क्षण 'द प्रोड्यूसर्स'मध्ये कोठेही नाही. या एका बाबतीत मार्टिनची पटकथा ब्रुक्सच्या पटकथेहून प्रामाणिक आहे, जरी शेवट तिने सोयीचा केला असला तरी : रॅम्सीचे लाजिरवाणे चित्रीकरण हाती लागते, त्याचा धाक दाखवून राहिलेले दृश्य पुरे होते, आणि अंधारात पडद्याकडे टक लावून पाहणारा बोफिंगर प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी आणतो.

मेक्सिकन मजुरांचे उपकथानक मात्र याहून मार्मिक आहे. कॅमेरा म्हणजे काय हे ठाऊक नसलेली ही माणसे शेवटी चित्रपटकलेवर जाणकारीने बोलू लागतात. चित्रपट त्यांच्यावर हसत नाही. बोफिंगरच्या मंडळीत काहीतरी शिकून बाहेर पडतात ते एवढेच लोक.

४

'डोलेमाइट इज माय नेम'ला मराठी अभ्यासकांच्या दृष्टीने वेगळे महत्त्व आहे, कारण त्याच्या मुळाशी मौखिक साहित्याचा प्रश्न आहे. रूडी रे मूर (१९२७–२००८) हा काही काल्पनिक माणूस नव्हे. १९७० च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये तबकड्यांच्या दुकानात काम करणारा, गायक म्हणून आणि विदूषक म्हणून सपशेल फसलेला, वयाने चाळिशी ओलांडलेला हा कृष्णवर्णीय कलावंत. दुकानात भीक मागायला येणारा रिको नावाचा एक फिरस्ता डोलेमाइट नावाच्या अचाट पुरुषाच्या यमकबद्ध, अर्वाच्य गोष्टी म्हणत असे. रूडीने त्या उचलल्या, झगझगीत कपडे चढवले, हाती काठी घेतली आणि तो स्वतःच डोलेमाइट झाला. पटकथा स्कॉट अलेक्झांडर आणि लॅरी कॅराझ्यूस्की यांची आहे. 'एड वुड'ही याच जोडीने लिहिला होता.

रिको जे म्हणत होता त्याला अभ्यासक 'टोस्ट' म्हणतात. आफ्रिकन-अमेरिकन समाजात रस्त्याच्या कोपऱ्यावर, दारूच्या गुत्त्यात आणि तुरुंगात म्हटली जाणारी ही दीर्घ कथाकाव्ये. रॉजर अब्राहम्सने फिलाडेल्फियातील अशा रचनांचा अभ्यास १९६४ साली प्रसिद्ध केला. ब्रूस जॅक्सनचा संग्रह, बव्हंशी तुरुंगांतून जमवलेला, १९७४ साली आला. आणि सिंहाला आपल्या जिभेने नामोहरम करणाऱ्या माकडाच्या टोस्टवरून हेन्री लुई गेट्सने १९८८ साली कृष्णवर्णीय साहित्याची एक संपूर्ण मीमांसाच उभी केली. विद्यापीठांत या रचनांना प्रतिष्ठा लाभत होती त्याच वर्षांत रूडी त्या तबकड्यांवर म्हणून, वेष्टनावरील नग्न चित्रांमुळे तपकिरी कागदात गुंडाळून विकत होता.

चित्रपटात एक प्रसंग आहे. रूडी टेपरेकॉर्डर, पैसे आणि दारू घेऊन बेघर माणसांच्या वस्तीत जातो व त्यांच्या गोष्टी ध्वनिमुद्रित करतो. प्रसंग हसत-खेळत जातो. त्या गोष्टींवर रूडीचे नाव होते, तबकड्या खपतात, चित्रपट निघतो. आणि रिको पुन्हा कोठेही महत्त्वाचा राहत नाही. 'द प्रोड्यूसर्स'मधील म्हाताऱ्यांच्या जागी येथे मौखिक परंपरेचे निनावी धनी आहेत, आणि या चित्रपटालाही त्यांचा हिशेब द्यावासा वाटत नाही. रूडीच्या बाजूने एवढे म्हणता येईल की या रचना रिकोच्याही नव्हत्या. त्या ऐकलेल्या, बदललेल्या, पुढे दिलेल्या होत्या, आणि म्हणणाऱ्याच्या अंगात त्या उभ्या राहिल्याशिवाय त्यांना अस्तित्व नव्हते. रूडीने त्या स्वतःच्या अंगात उभ्या केल्या. हा युक्तिवाद लंगडा नाही, पण पुरेसाही नाही. टेपरेकॉर्डर घेऊन गेलेला विक्रेता आणि टेपरेकॉर्डर घेऊन गेलेला संशोधक यांच्या वागण्यात नेमका फरक कोणता, हे ज्याने त्याने आपल्याशी ठरवावयाचे आहे. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांचे कितीतरी संग्रह गाणाऱ्या बाईच्या नावाशिवाय निघाले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या संकलनकार्यात त्या बायांची नावे आणि गावे नोंदवली गेली, तेव्हा हा फरक प्रथम ठळकपणे दिसला.

मराठी वाचकाला या ठिकाणी दादा कोंडके यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. तमाशातील बतावणी हीदेखील कोणा एकाची मालमत्ता नव्हती. द्व्यर्थी, हजरजबाबी आणि प्रयोगागणिक बदलणारी अशी ती होती. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादांनी ती नागर प्रेक्षकापुढे आणली आणि 'सोंगाड्या'पासून (१९७१) पडद्यावर नेली. सुशिक्षितांनी नाके मुरडली आणि चित्रपटगृहे भरली, हाही अनुभव दोघांचा सारखाच. वितरणाचा पेचही सारखा : दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात 'सोंगाड्या'ला जागा मिळावी म्हणून शिवसेनेला रस्त्यावर उतरावे लागले, ही हकीकत मराठी चित्रपटाच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. फरक असा की दादांना बतावणी मिळाली ती सबनिसांसारख्या लेखकाच्या संहितेतून. रूडीच्या आणि रस्त्याच्या मध्ये कोणी लेखक नव्हता.

रूडीची मंडळी म्हणजे नाटककार म्हणवणारा जेरी जोन्स, क्लबात भेटलेली धिप्पाड गायिका लेडी रीड, दिग्दर्शन करायला मिळेल या आमिषाने आलेला आणि सर्वांना तुच्छ लेखणारा नट डर्व्हिल मार्टिन, आणि विद्यापीठात चित्रपट शिकणारी काही गोरी मुले. चित्रीकरणाची जागा ओसाड पडलेले डनबार हॉटेल, वीज चोरीची. भांडवल म्हणजे पुढे न निघालेल्या तबकड्यांवरचे मानधन, अर्थात उद्याची कमाई आजच गहाण. येथवर सारे साच्याप्रमाणे आहे. वेगळेपण असे की या लबाडीत बुडाला असता तो फक्त रूडी. त्याने विकले ते स्वतःचेच पंचवीस हजार टक्के, असे म्हणावयास हरकत नाही. एका शृंगारदृश्यात आपल्या सुटलेल्या शरीराची त्याला लाज वाटते, आणि तो ते दृश्यच हास्यास्पद करून टाकतो : पलंग हादरतो, छत कोसळते. भरताने हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे जे दोन प्रकार सांगितले, त्यांच्यातली सीमा या दृश्यात पुसट होते. रूडी आधी स्वतःला हसतो आणि मग जगाला हसवतो.

चित्रपट पुरा होतो आणि डब्यात पडतो. एकही वितरक त्याला हात लावत नाही. रूडी पुन्हा गावोगाव कार्यक्रम करीत इंडियानापोलिसला पोहोचतो, आणि तेथे एक रेडिओ निवेदक त्याला आपल्या मामाच्या चित्रपटगृहाविषयी सांगतो. मालक चित्रपट लावायला तयार नाही. चार भिंती भाड्याने द्यायला मात्र तयार आहे. मध्यरात्रीचा खेळ. रूडी स्वतः रस्त्यावर पत्रके वाटतो, रेडिओवर बोलतो, आणि रांग लागते. त्यानंतर डायमेन्शन पिक्चर्सचा लॉरेन्स वूल्नर, ज्याच्या कार्यालयातून त्याची बोळवण झाली होती, तो आपणहून बोलावतो. १९७५ साली 'डोलेमाइट' प्रदर्शित झाला आणि खूप चालला. त्यापाठोपाठ 'द ह्यूमन टॉर्नेडो' आणि 'पीटी व्हीटस्ट्रॉ' आले. ज्या माणसाला बाजाराने दारात उभे केले नाही त्याने भाडे भरून दार उघडले, एवढाच या यशाचा तपशील आहे. त्यात चमत्कार काही नाही. असे दार उघडू पाहणारे पुष्कळ जण भाड्याच्या पैशांसकट बुडाले. त्यांच्यावर चित्रपट निघत नाहीत.

याआधीच्या एका दृश्यात रूडी आणि त्याचे मित्र बिली वाइल्डरचा 'द फ्रंट पेज' पाहायला जातात. भोवतालचे गोरे प्रेक्षक खदखदून हसतात. या चौघांना त्यात हसण्यासारखे काय आहे तेच कळत नाही. विनोद सार्वत्रिक असतो या गृहीतकाला एवढे सरळ उत्तर क्वचितच कोठे मिळाले असेल. याच प्रसंगी रूडी मागे वळून प्रक्षेपकाच्या खिडकीतून निघणाऱ्या प्रकाशाच्या झोताकडे पाहतो. पडद्यापेक्षा झोताकडे पाहणारा हा माणूस जन्माने वितरक आहे, असे म्हणता येईल. पुढे पहिल्या खेळाच्या रात्री लेडी रीड त्याचे आभार मानते ते याचसाठी : आपल्यासारखी दिसणारी बाई एवढ्या मोठ्या पडद्यावर तिने पूर्वी कधीच पाहिली नव्हती.

त्या रात्री चित्रपटगृह भरून जाते आणि पुढच्या खेळासाठी आलेला जमाव बाहेर रस्त्यावर ताटकळत उभा राहतो. पहाटे दोनचा खेळ लावावा लागतो. मित्र आत जाऊन बसतात. रूडी मात्र बाहेरच थांबतो आणि त्या वाट पाहणाऱ्या लोकांपुढे उभा राहून डोलेमाइटची रचना म्हणू लागतो. रिकोच्या तोंडची गोष्ट पडद्यावर पोहोचून पुन्हा रस्त्यावर आली आहे, आणि ब्रुअर कॅमेरा तेथेच ठेवतो. २०१९ साली टोरंटोच्या महोत्सवानंतर हा चित्रपट थोड्या चित्रपटगृहांत लागला. बहुतेकांनी तो पाहिला तो नेटफ्लिक्सवर, घरी बसून, आपल्याच चार भिंतींत.